शहाण्णव खड्डे आणि एक डुक्कर

बातमीदारीत तीस वर्षं झाली की छापलेलं विसरायला होतं आणि न छापलेलं डोक्यात साठत जातं. माझ्याकडचा सगळ्यात मोठा साठा अंधेरी एमआयडीसीतल्या एका लॅबचा आहे. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीतली वैशाली कांबळे तिथे टेक्निशियन. तिची बातमी नेली तर संपादक म्हणाले, "नाश्त्याच्या वेळी डुकराचं रक्त कोण वाचणार?" घोटाळ्यांबरोबर पोहे चालतात म्हणे!

वैशालीचं काम म्हणजे डुकराच्या रक्तात एक रिसेप्टर प्रोटीन मोजणं. "काका, रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल. औषध ती दाबतं." किटमध्ये एक प्लास्टिकची प्लेट असते, तिला शहाण्णव बारीक खड्डे. प्रोटीन असेल तर खड्डा पिवळा होतो. आयुष्यभर महापालिकेचे खड्डे मोजले, इथे पैसे देऊन विकत घेतात!

मी बाह्या सरसावून विचारलं, "पण सामान्य माणसाला याचा उपयोग काय?"

ती म्हणाली, "तुमच्या पेपरचा काय आहे?"

*

रक्ताचे नमुने देवनारच्या डुक्करवाड्यातून यायचे. एकदा गाडी बंद पडली म्हणून वैशाली बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, पापलेट?"

"नाही, रक्त. डुकराचं."

तीन सिग्नल तो आरशातून डबाच बघत होता. चौथ्याला मान वळवून म्हणाला, "अस्पताल में बोतल कम पड़ी क्या?"

*

मग वैशालीची वाट लागली. औषध दिलेली डुकरं आणि न दिलेली डुकरं, सगळ्यांचे खड्डे सारखेच पिवळे! एकदा नाही, तीनदा. लॅबचे प्रमुख डॉक्टर परब तिच्यावर घसरले, "प्लेट नीट धुतली नाहीस."

"सर, नुसत्या पाण्याचा खड्डा बघा, स्वच्छ आहे. धुण्यात चूक असती तर तोही पिवळा झाला असता. हे किट दिसेल त्याला पकडतंय."

"किट परदेशी आहे," परब म्हणाले. शुक्रवारी तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. पुढचं देणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. परदेशी डब्यावर विश्वास, आणि आठ वर्षं काम केलेल्या बाईवर नाही! माझं डोकं फिरलं.

*

वैशालीने किट विकणाऱ्या देसाईंना फोन लावला. देसाई म्हणाले, पाणी खराब असेल. मग म्हणाले, एसी. मग ट्यूबलाइट. शेवटी म्हणाले, "मॅडम, डुकरांनी आदल्या दिवशी काय खाल्लं, विचारलंत का?"

"विचारलं ना. डुकरं म्हणाली, किट बदला."

*

शुक्रवारी सकाळी देसाई मुलुंड वेस्टच्या घरून स्वतः हजर. टाय, परफ्यूम. मीही मुद्दाम जाऊन बसलो होतो. "आमचं किट डुकराशिवाय कुणालाही ओळखत नाही," ते म्हणाले. "वाटल्यास माझं रक्त घाला! खड्डा कोरा राहील."

वैशालीने लगेच त्यांची बाही वर केली.

तिथली पद्धत अशी की प्लेटवर नुसते नंबर टाकतात. कुठला नमुना कुणाचा, ते वैशालीच्या वहीत. परब आकडे वाचून झाल्याशिवाय वही उघडत नाहीत. रक्त कुणाचं घेतलं हे त्यांना माहीत नव्हतं. ते सकाळभर मीटिंगमध्ये होते.

संध्याकाळी मशीनमधून कागद आला. देसाई तिसरा चहा पीत होते. परबांनी चष्मा लावला, एक ते सहा आकड्यांवरून बोट फिरवलं आणि सातवर थांबले. चेहरा उजळला.

"वैशाली, हा सात नंबर झकास आहे! सगळ्यांत जास्त रिसेप्टर. असंच डुक्कर हवं होतं आपल्याला. देवनारचं का गं?"

"नाही सर," वैशालीने वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "मुलुंड वेस्टचं."

परबांनी वही वाचली. मग चष्म्यावरून देसाईंकडे बघितलं.

"अजून थोडं रक्त मिळेल?"