एका विटेची पायरी

आमच्या समोरच्या चाचांनी पायऱ्यांचा जेवढा विचार केला आहे, तेवढा नळदुर्गचा किल्ला बांधणाऱ्यांनीही केला नसेल, असं मी छातीठोकपणे सांगू शकते. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पोटऱ्या भरून येतात. म्हणजे बांधणाऱ्याने चढणाऱ्याची फारशी फिकीर केली नव्हती, हे उघड आहे. चाचांच्या पायऱ्या चढणारं माणूस एकच होतं, आणि त्या एका माणसाच्या एका गुडघ्यासाठी या गृहस्थांनी आमच्या गावापासून उमरग्यापर्यंत एकही पायरी तपासायची शिल्लक ठेवली नाही. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून मी त्यांना बघते आहे. कुणाचं चटकन कौतुक करणाऱ्यातली मी नव्हे; आमच्या घरात माझ्या या स्वभावावर बरंच बोललं जातं. पण चाचांपुढे माझं काही चालत नाही. मी आ वासते आणि तो वासलेलाच राहतो.

चाचांनी उभा जन्म सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर स्वतःचा ट्रक चालवला. पुढे डोळ्यांनी दगा दिला, ऑपरेशन झालं, रात्रीचं चालवणं बंद झालं आणि धंदाही बंद झाला. ट्रक मात्र त्यांनी विकला नाही. रोज सकाळी हातात बांबूचं दांडकं घेऊन ते दारातल्या ट्रकभोवती फेरी मारतात आणि प्रत्येक टायरला टोला देऊन आवाज ऐकतात. ट्रक महिनाभर जागचा हललेला नसला तरी ऐकतात. ही सवय टायरपुरती राहिली असती तर ठीक होतं. पण ते गॅसची टाकी वाजवतात, माठ वाजवतात, बाजारात एकेक कलिंगड इतका वेळ वाजवत बसतात की कलिंगडवाला हात जोडतो. आम्ही गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवली तेव्हा चाचा न बोलावता वर आले, टाकीला चारी बाजूंनी टोले दिले, कान लावून उभे राहिले आणि "पासिंग झालं" एवढंच म्हणून उतरून गेले. पासिंग, म्हणजे आरटीओने गाडी पास करणं, हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द. बिर्याणी जमली तरी पासिंग होतं आणि कुणाच्या पोराला नोकरी लागली तरी पासिंगच होतं. गाडी नेहमी निघायच्या तोंडाला लावलेली असावी, हा त्यांचा दुसरा नियम, आणि तो चपलांनाही लागू आहे. एकदा आमच्याकडे जेवायला आलेल्या सगळ्या पाहुण्यांच्या चपला त्यांनी दाराबाहेर वळवून, रस्त्याकडे तोंड करून ओळीने लावून ठेवल्या. आम्ही त्यांना लवकर जा म्हणून सुचवतो आहोत असा पाहुण्यांचा समज झाला, आणि खिरीची दुसरी वाटी कुणी घेतली नाही.

चाची याच्या अगदी उलट. बोलणं कमी, पाठ ताठ, आणि उजवा गुडघा पाठीपेक्षा ताठ. तो गुडघा काही वर्षांपासून धड वाकत नाही, आणि चाचींना कुणी हात दिलेला खपत नाही. त्यांची मोठी बहीण, त्यांची आपा, हुमनाबादला असते. आई लवकर गेल्यामुळे आपांनीच चाचींना वाढवलं. आपांचे तर दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे दोघींची भेट बरीच वर्षं फक्त फोनवर होत होती. फोन ठेवताना आपा न चुकता एकच म्हणायच्या की तुझं घर बघायचं राहिलं. चाचांनी एकदा भाड्याची गाडी करून चाचींना न्यायचा प्रयत्न केला होता. पण गाडीत पाय दुमडून बसावं लागतं, आणि उमरग्यापर्यंत पोचेतो गुडघा असा आखडला की चाचींना डॉक्टरांच्या दारातून परत आणावं लागलं.  त्या दिवशी त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. चाचा मात्र संध्याकाळभर ओट्यावर बसून ट्रककडे बघत राहिले.

मग त्यांना फोनवर कुठला तरी परदेशी म्हातारा सापडला, जो ट्रकच्या पाठीवर घर बांधून बायकोला गावोगाव हिंडवत होता. चाचांनी तो व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येकाला दाखवला, मला तर तीनतीनदा. पलंगावर पाय लांब करून हुमनाबादला जायचं, असं ठरलं. ट्रकचा हौदा उतरला आणि त्या जागी पत्र्याचं आणि लाकडाचं एक घर उभं राहिलं. त्याला खिडकी होती, खिडकीला पडदा होता, आत पलंग होता, चहापुरती शेगडी होती, दाराबाहेर टांगलेली मोगऱ्याची कुंडी होती. कागदपत्रांचं काय केलं ते मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. पण त्या घराला कुणी गाडी म्हटलेलं चाचांना चालेना. दूधवाल्याने "चाचा, गाडी झकास झाली" म्हटलं, तर त्याला थांबवून त्यांनी बजावलं, "गाडी न्हाय. घर हाय ते." आणि ते घरच आहे हे सगळ्यांना पटावं म्हणून त्यांनी मागच्या दाराला बाभळीचा चांगला जाडजूड उंबरा बसवला. ट्रकला उंबरा बसवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

घर झालं, आणि मग कळलं की ते माझ्या छातीइतक्या उंचीवर आहे. चाचांनी आधी लोखंडी शिडी लावली. चाचींनी शिडीकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि त्या भाकरी थापायला निघून गेल्या. मग फोनवरून घडीच्या पायऱ्या मागवल्या. चकचकीत आणि हलक्या होत्या, ओढल्या की उलगडायच्या. चाचींनी डावा पाय ठेवला तशी ती पायरी कुरकुरली आणि थरथरली. चाचींनी पाय काढून घेतला. "ही तर माझ्याआधीच घाबरली," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

इथून पुढे चाचा जे काही वागले त्याला मी आजही वेड म्हणावं की आणखी काही, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्याला मागून फळी लावली, वर जुन्या लुंगीची पट्टी गुंडाळली आणि पाय वाकेनासा करून ते गावभर हिंडू लागले. बँकेच्या पायऱ्या चढले, लग्नाच्या हॉलचं स्टेज चढले आणि नवरानवरीला बाजूला करून पुन्हा उतरले, किल्ल्यात जाऊन आले, उमरग्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या तर जाऊन येऊन इतक्या वेळा चढले की आतली बाई केसपेपर काढायला लागली. चाचांचा पाय मोडला अशी बातमी पसरली. लोक बिस्किटांचे पुडे, नारळ घेऊन बघायला आले. चाचांनी कुणालाच खरं सांगितलं नाही. त्यांनी नारळ ठेवून घेतले आणि प्रत्येकाला त्याच्या घराची पायरी केवढी उंच आहे ते विचारलं. एवढ्यानेही समाधान होईना तेव्हा त्यांनी घरातच प्रयोग मांडला. मोरीच्या वाटेवर, रांजणापाशी, देवडीत ते गुपचूप विटा ठेवायचे, कधी आडवी, कधी उभी, कधी दोन एकावर एक, आणि चाची कुठल्या विटेवरून मुकाट जातात आणि कुठल्या विटेला थबकतात ते कोपऱ्यातून बघायचे. "घरात इटा कोन पेरतंय?" असं चाचींनी एकदा मोठ्याने विचारलेलं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. निकाल असा लागला की आडवी ठेवलेली एक वीट चाचींना उंच वाटत नाही. त्यावर टाचणीभरही नको.

मग प्रत्येक पायरी एका विटेइतकी उंच आणि दोन्ही पावलं शेजारी शेजारी मावतील एवढी रुंद, अशा भक्कम लोखंडी पायऱ्या बनल्या. डाव्या हाताला भंगारातून आणलेला जुन्या बसचा दांडा लागला. चाची सकाळच्या वेळी बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चढू लागल्या. चांगला डावा पाय आधी वर, मग उजवा त्याच्या शेजारी. प्रत्येक पायरीवर थोडं थांबणं. अख्खी गल्ली दारात उभी होती. शेवटच्या पायरीवर चाची पोचल्या, समोर तो बाभळीचा उंबरा आला, आणि त्या थांबल्या त्या थांबल्याच. नव्या घरात उजवा पाय आधी टाकायचा असतो. ते त्यांच्यात तसं आहे आणि आमच्यातही तसंच आहे. पण उजवा पाय उंबऱ्यावरून उचलला जाईना. मी खालून म्हटलं, चाची, डाव्यानं जावा, प्रवासात चालतंय. गल्लीतल्या सगळ्यांनी हेच म्हटलं. चाचींनी आमच्याकडे बघितलंही नाही. त्या चाचांना म्हणाल्या, "घर म्हणलाव न्हवं तुमी? मग घरात डाव्या पायानं कशी शिरू?"

आणि एकेक पायरी करत त्या खाली उतरल्या. मला चाचांचा इतका राग आला की काय सांगू. नुसतं गाडी आहे म्हणाले असते तर सुटले असते. गाडीला कोण उजवा-डावा विचारतं? मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते पायरीवर बसले होते. म्हणाले, "तिचं बरोबर हाय, बेटी. घरच हाय ते."

काही दिवस ते घराबाहेर फारसे दिसले नाहीत. मग एका दुपारी घराच्या मागून घसपटत काहीतरी आणताना दिसले. तो ट्रकचा जुना फाळका होता. माल चढवायला-उतरवायला हौद्याच्या मागची जी फळी खाली पडते, ती. हौदा काढला तेव्हापासून ती पडून होती आणि तिच्यावरच्या रंगवलेल्या मोराचं शेपूट उन्हाने उडालं होतं. इतकी वर्षं रोज उघडली-मिटलेली वस्तू, पण ती ध्यानात यायला एवढे दिवस लागले. फाळका बिजागरीवर बसवला आणि साखळ्यांवर आडवा सोडला की तो घराच्या जमिनीशी अगदी सपाट जुळत होता. दारापुढे एक लहानसा ओटाच तयार झाला. पायऱ्या त्या ओट्याला लागल्या. आणि बाभळीचा तो देखणा उंबरा चाचांनी स्वतःच्या हाताने तासून तासून जमिनीला मिळवला.

या खेपेला चाचींनी गल्लीला दारं लावून घ्यायला सांगितलं. मी खिडकीतून पाहिलं, ते सांगायला मला लाज नाही. चाचा मदतीला उभे नव्हते. ते पाठ करून पुढच्या टायरपाशी उभे होते, हातात दांडकं होतं, पण टोला देत नव्हते. चाची चढल्या, फाळक्यावर दोन्ही पावलं शेजारी टेकवून उभ्या राहिल्या, पुटपुटत बिस्मिल्ला म्हणाल्या आणि उजवं पाऊल सरळ पुढे सरकवून आत गेल्या. ते पाऊल लाकडावर पडल्याचा आवाज आला तेव्हा चाचांनी टायरला टोला दिला.

हुमनाबादला मीही गेले, चाचांच्या शेजारी केबिनमध्ये. चाची मागे पाय लांब करून झोपल्या होत्या. प्रत्येक गतिरोधकाला चाचा एवढे हळू व्हायचे की मागचे हॉर्न वाजवून थकायचे. आपांचं घर आलं, चाची आपल्या पायऱ्यांनी सावकाश उतरल्या, आणि समोर बघून आम्ही तिघंही जागीच थांबलो. काळ्या दगडाचं उंच जोतं, त्याला गुडघाभर उंचीच्या दगडी पायऱ्या, आणि वर दारात खुर्चीवर आपा. चाचा या घरी कितीतरी वेळा आले होते, पण गुडघे धड असतात तेव्हा पायऱ्या दिसत नाहीत. सगळ्या मुलखाच्या पायऱ्या तपासणाऱ्या माणसाने या तेवढ्या तपासल्या नव्हत्या. आपांची सून म्हणाली, खुर्चीत बसवून उचलून घेऊ. चाचींनी नाही म्हणून मान हलवली. खालून एक बहीण वर बघत होती, वरून दुसरी खाली बघत होती, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तर तोंड कुठे फिरवावं कळेना.

चाचांनी चाचींना पुन्हा गाडीत, म्हणजे घरात, जायला सांगितलं. पायऱ्या सोडवून बाजूला ठेवल्या, फाळका वर बांधला आणि ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. गोदामाच्या ओट्याला ट्रक मागे लावावा तर याच माणसाने, असं मी लोकांकडून ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं. क्लिनर नव्हता म्हणून ट्रकचा पत्रा थापटत "येऊ द्या, येऊ द्या" मी ओरडत होते, पण त्यांना माझी गरज होती असं वाटत नाही. एवढं मोठं ते घर त्या अरुंद गल्लीत इंचाइंचाने मागे आलं आणि जोत्यापाशी थांबलं. चाचांनी फाळका सोडला. तो आपांच्या ओट्यावर जाऊन टेकला, आणि एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सपाट वाट झाली.

चाची आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या दखनीत त्या म्हणाल्या, "घर देखनेका रह गया बोलते थे ना आपा? लेको आयी मैं."

आपा खुर्चीवरून उठल्या. सुनेचा हात त्यांनी बाजूला सारला, अगदी बहिणीसारखाच. फाळक्यावरून हळूहळू चालत आल्या आणि दाराशी आल्यावर उजवं पाऊल आधी आत टाकलं. मग दाराचा पडदा आतून ओढला गेला, आणि आत काय झालं ते आम्ही कुणी पाहिलं नाही. चाचा खाली टायरला टेकून बसले होते. मी त्यांना म्हटलं, चाचा, पासिंग झालं. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर ते घर आणखी काही वेळा हुमनाबादला जाऊन आलं. आता चाचींचा डावा गुडघाही कुरकुरतो. आडवी वीटही त्यांना उंच वाटायला लागली आहे. चाचांनी जुन्या पायऱ्या कापून नव्या केल्या, आधीपेक्षा बुटक्या. बुटक्या म्हणजे संख्येने जास्त, आणि जास्त म्हणजे लांब. त्यामुळे ती उतरण आता निम्मी गल्ली अडवून बसली आहे. मोटरसायकलवाले वळसा घालून जातात, कुणी काही बोलत नाही. परवा चाचा पुन्हा मोरीपाशी काहीतरी ठेवताना दिसले. या वेळी वीट नव्हती, पातळ फरशी होती. असंच चाललं तर एक दिवस त्यांची पहिली पायरी आमच्या दारात येऊन टेकेल. येऊ दे. मी चपलांचं स्टँड आधीच आत घेऊन ठेवलं आहे.