कुठंच न जोडलेली तार

भूत-बित, हडळ-बिडळ असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास न्हाई, हे आधीच लिहून ठेवतो. मी टेंभुर्णीत मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळून परत जिवंत करतो. आमच्या स्मशानभूमीतल्या बोअरची मोटार बसली तेव्हा सोबत यायला गावातला एक माणूस तयार न्हाई. मी एकट्यानं काढली, एकट्यानं सोडली. त्या दिवशी एखादं भूत आलं असतं ना, तर त्याला पाना धरायला बसवला असता!

गावात म्हणतात की मी वाढवून सांगतो. सांगत असेन. पण या गोष्टीत चिमूटभरसुद्धा मीठ टाकलेलं न्हाई... कारण माझी सासू आज चालती-बोलती आहे ती यातल्या एका तारेमुळं, आणि त्यात खोटं मिसळायची माझी छाती न्हाई.

तर मागच्या उन्हाळ्यात घरी नवा राउटर बसवला. घर म्हणजे दोन खोल्या, वर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी, आणि वर जायचा जिना बाहेरून, भिंतीला लागून. घरात तिघंच. मी, माझी बायको सुनीता आणि तिची माय. सासूला मी मामी म्हणतो, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. सासरे गेल्यापासून मामी आमच्याकडंच असतात. पण "लेकीच्या घरी बसून खात न्हाई मी" हा त्यांचा बाणा, त्यामुळं दोन बायांचं काम एकट्या करतात.

राउटर आला त्या दिवशी मामींनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, समोर नारळ फोडला. नारळाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मी त्याच्यापुढं असा आडवा पडलो की बघणाऱ्याला वाटावं मीच दंडवत घालतोय. नेट मात्र काय सांगावं! बोट लावायच्या आधी व्हिडिओ सुरू. मामी पुण्याच्या धाकट्या लेकीशी तोंड बघून बोलायला लागल्या आणि राउटर घरातला लाडका झाला.

तीन-चार दिवस बरे गेले. मंग रोज दुपारी लाल दिवा लागायला लागला. बाकी दिवे हिरवे, इंटरनेटचा लाल. थोड्या वेळानं आपोआप ठीक. बंद करून चालू केला, पिन टोचून रिसेट केला, फ्रिजवर ठेवला, कपाटावर ठेवला, पिठाच्या डब्यावर ठेवला. राउटरला आमचं घर माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं. नेटवाले अशफाकभाई दोनदा येऊन गेले. ते दारात आले की दिवा हिरवागार.

"भाई, इसकू मेरे से मोहब्बत हो गई," म्हणाले अन् चहा पिऊन गेले.

सुनीता ऐकवायची, "गावाच्या मोटारी चालू करता, अन् घरातली एवढीशी डबी चालू व्हईना तुमच्यानं!"

रविवार होता. ऊन असं की कावळ्यानंसुद्धा चप्पल मागावी. मायलेकी सकाळीच शेजारच्या शिंदेकाकूंकडं कुरडया करायला गेल्त्या. आमच्याकडं उन्हाळ्यात असंच असतं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्या बाया मिळून. त्यामुळं कोणती बाई कोणत्या घरात आहे हे गडीमाणूस विचारत न्हाई. मी दुकान बंद करून आलो, कूलर लावला, मॅच लावली. शेवटची ओव्हर, सामना अटीतटीचा... आणि लाल दिवा!

बंद-चालू केला. हिरवा झाला. परत लाल. हिरवा, लाल, हिरवा, लाल. जसं कुणी बटणाशी खेळून राह्यलंय.

मी अशफाकभाईंना फोन लावला. ते शहागडला मेव्हणीच्या लग्नात. मागं बँड वाजतोय.

"भाई, डब्बा बंद-चालू करे क्या?"

"अरे किया ना! आता डब्बाच म्हणून राह्यला मला बंद करू नको!"

"तो तार देखो. डब्बे के पीछे से पकडो, छोडो नक्को, आखिर तक जाव. कहीं ना कहीं दबी होयंगी."

मी राउटरच्या मागं हात घातला, तार धरली आणि निघालो. काळी तार. खिडकीतून बाहेर, तिथून जिन्याच्या भिंतीनं वर. उन्हानं तडकलेली, हाताला चटके देणारी. मुठीतून एकदाही सोडली न्हाई. डोक्यात फक्त मॅच. स्लॅबवर गेलो, तार टाकीच्या मागं वळलेली, म्हणून मीही वळलो...

टाकीच्या मागं मामी पडलेल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे, अंग तव्यासारखं तापलेलं. आणि तारेचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत.

मी असा ओरडलो की तिकडं तालुक्याला, जाफ्राबादेत, लोक घराबाहेर आले असतील. गल्ली गोळा झाली. ओल्या साडीत गुंडाळून त्यांना खाली आणलं आणि दवाखान्यात नेलं. उन्हाचा झटका होता. डॉक्टर सलाइन लावता लावता म्हणाले, "अजून जरा उशीर झाला असता, तर माझ्याकडं आणायची गरजच न्हाई पडली असती."

झालं होतं असं. आपल्या स्लॅबवरचे पापड पलटायला म्हणून मामी काकूंकडून एकट्याच आल्त्या. सुनीताला वाटलं, माय घरी जाऊन पडली. मला वाटलं, मामी काकूंकडं आहेत. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत असंच समजून राह्यलो असतो.

मामी शुद्धीवर आल्या तेव्हा सुनीता रडत होती. "माय, आवाज तरी द्यायचा!"

"आवाज निघंना गं. तीन-चार दिसांपासून दुपारचं गरगरून राह्यलं. टाकीच्या सावलीला बसायची, अन् ती तार धरून उठायची. आज उठवंना. मंग तारच ओढत राह्यले."

"तार कशाला?"

मामींनी माझ्याकडं बघितलं. "म्हणलं, नेट गेलं की जावाईबापू तार बघायला येतील. मला बघायला कोन येतंय?"

मी मान खाली घातली. पण खरं सांगतो, त्या टोमण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं न्हाई. टोमणा मारतेय म्हणजे बाई जगली!

आणि मला सगळं उलगडलं. मामी तार ओढतात, जोड ढिला होतो, नेट जातं. रोज दुपारचा लाल दिवा म्हणजे मामींचं तार धरून उठणं! बिलकुल सरळ हिशोब. आख्ख्या गावाला मी तो समजावून सांगितला.

दोन दिवसांनी अशफाकभाई लग्नाचे लाडू घेऊन आले. म्हणलं, "वरची तार जरा बराबर टाका, तिनं मामीला वाचवलंय."

"ऊपर की कौनसी तार?"

"नेटची."

"भाई, तुमारी लाइन तो सामने के खंबे से सीधी खिडकी में आती. सफेद है. ऊपर कायको लेके जाऊं मैं?"

मी राउटर उलटा केला. मागं एक पांढरी बारीक तार आणि लाइटची पिन. काळं काहीच न्हाई. पळत वर गेलो. टाकीमागं काळी तार होती, पण ती टीव्हीच्या जुन्या छत्रीची! छत्री आम्ही कधीच भंगारात दिली. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं खालची तार कापून नेली होती. उरलेला वरचा तुकडा स्लॅबच्या कठड्याशी तुटून लोंबत होता. जिन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत नुसता रंग. एक खिळासुद्धा न्हाई.

ज्या तारेनं मी वर गेलो, ती तिथं नव्हतीच.

कुणी म्हणेल, घाईत नजर चुकली. अहो, साप आणि तार यात दुसऱ्याचा गोंधळ होईल, माझा व्हायचा न्हाई! डोळे बांधून हातात द्या, तांब्याची का अल्युमिनियमची ते सांगतो. त्या दिवशी तळहाताला जे चटके बसले, त्यावर सुनीतानं स्वतः तूप लावलं. आणि तार कुठंच जोडलेली न्हाई, तर ती ओढल्यावर खाली नेट कसं जात होतं? अशफाकभाईंना विचारलं. त्यांनी कठड्याशी लोंबणारं ते टोक हातात धरून उलटंसुलटं बघितलं. मंग हळूच म्हणाले, "ऊपरवाले की लाइन होयंगी, भाई. इसकू निकालू क्या?"

"नको!" मी अन् तोवर जिन्यात आलेल्या मायलेकी, तिघंही एकदम ओरडलो. मामींचा आवाज सगळ्यात मोठा.

तार अजून तिथंच आहे. हात जोडावे तर कुणाला, हे कळत न्हाई... तारेला, राउटरला, अशफाकभाईंना, का मामींच्या चिवट मुठीला? मी सगळ्यांनाच जोडून टाकले. जाणकार वाचकांपैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा, मला अजून सापडलेलं न्हाई.

नेट अजूनही अधूनमधून जातं. खांबावर वानरं बसतात, लाइट जाते, चालायचंच. पण दिवा लाल झाला की मी राउटरला हात लावत न्हाई. आधी "मामी!" म्हणून हाक मारतो, मंग "सुनीता!" दोघींचा ओ आला, की मंग डबी बंद-चालू करायला घेतो.