मधला ग

शालू चौथीत असताना बाईंनी तिला प्रार्थनेच्या रांगेतून दंडाला धरून बाहेर काढलं. का, तर म्हणे ही 'ग' चुकवते. बाईंनी पेटीची पट्टी दाबून दाबून दाखवली, हिचा ग आपला जरा खाली. खालची काळी दाबली, तर हिचा तिच्यापेक्षा जरा वर. "बेसूर आहेस तू," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला. बाईंचा संपला हो, शालूचा नाही. ती वरसाव्याहून लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आली, पतपेढीच्या काउंटरवर केस पिकले, तरी तो शब्द काही पाठ सोडेना. गणपतीत सगळी बिल्डिंग घसा ताणून आरती म्हणायची आणि ही बया टाळ वाजवत नुसते ओठ हलवायची.

तो ग तिने काय आभाळातून आणला होता? तिची आई धाकू गावात धवले म्हणायची. लग्नाच्या मांडवात बसून देवांना, वाडवडिलांना बोलवायचं गाणं ते. त्याला ना पेटी, ना तबला. धाकूच्या गळ्यातला ग असाच होता, दोन पट्ट्यांच्या मधला. आईच्या मांडीवर जे ऐकलं तेच पोर गाणार ना! पण तेव्हा ते तिलाच कुठे ठाऊक होतं?

लेकीने हौसेने घेतलेली गिटार घरात धूळ खात होती. ती उचलून शालूने स्टेशनजवळ हितेश सरांच्या क्लासला नाव घातलं. गिटारला काय, गळा लागत नाही. बोटांना घट्टे पडले, हात बसला. मग एका दुपारी फोनवर एक अरबी म्हातारा त्यांचं ते उद नावाचं वाद्य वाजवताना दिसला आणि शालूच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. अगं बाई, हा तर आईचा ग! रास्त म्हणतात म्हणे या स्वरांना. तिकडे हजारो माणसं डोळे मिटून ऐकतात, आणि इथे तिला रांगेतून बाहेर काढलं होतं. तिला आधी रडू आलं आणि मग असा राग आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलं, "सर, हा ग गिटारवर कुठे आहे?"

सर हसले. "वो नहीं मिलेगा, शालूबेन. हे बघा, मानेवर या आडव्या पट्ट्या बसवलेल्या. एक स्वर हिच्यावर, दुसरा हिच्यावर. मध्ये काय नाय."

मध्ये काही नाही? कोळ्याच्या पोरीला हे सांगता? घरी येऊन तिने जाळ्याचा जाड तंगूस, तो नायलॉनचा दोरा, काढला, दोन पट्ट्यांच्या मधोमध मानेभोवती दोन वेढे दिले, आणि बापाने जाळं दुरुस्त करताना शिकवलेली गाठ मारली. केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिली. लागला! सापडला एकदाचा! गाठ कधी कधी सैल व्हायची, म्हणून तंगुसाचं रीळ पर्समध्येच राहू लागलं.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम आला. "ते अरबीवालं नको," सर म्हणाले, "लोक बोलतील, क्लासमध्ये हेच शिकवतात का?"

"वाजवीन तर तेच वाजवीन," शालू म्हणाली. सरांनी यादीत तिचं नाव लिहून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने मुद्दाम धाकूला आणून पहिल्या रांगेत बसवलं. सर दरवर्षीप्रमाणे सगळ्यांच्या गिटारी स्वतः जुळवत होते. शालूचं नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर बसली, गिटारच्या मानेवर बोट ठेवलं. तंगूस नव्हता. ब्लेडने कापून काढला होता.

पडद्याआडून सर प्रेमाने म्हणाले, "सब ठीक कर दिया है, शालूबेन. सिंपलवाला बजाओ."

ठीक केलं! पुन्हा एकदा हिला ठीक केलं! माणूस वाईट नव्हता हो, आणि म्हणूनच शालूचं डोकं जास्त फिरलं. तिने पर्स उघडली, रीळ काढलं, आणि भरल्या हॉलसमोर वेढे द्यायला बसली. लोक खुसखुसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "आंटी, मच्छी पकडायला आलात काय?"

"हो," शालू माईकमधून म्हणाली, "कोळ्याचीच पोर आहे. सापडेपर्यंत बसा गप."

तिने गाठ मारली, दाताने तंगूस तोडला, कान लावून जागा तपासली आणि वाजवायला घेतलं. सा, रे, आणि मग तो ग. पुढच्या रांगेत भुवया वर गेल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने लगबगीने माईक धरला. "ट्यूनिंगचा थोडा प्रॉब्लेम दिसतोय..."

"काही प्रॉब्लेम नाही," शालू म्हणाली. "हा ग असाच आहे. चुकलेला नाही. परत वाजवते, नीट ऐका." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून धाकू काठीवर भार देऊन उठली. मांडवात आवाज देते तसा आवाज दिला तिने. "नुसती वाजवतंस काय गो? तोंडानी म्हन! तुजाच हाय त्यो!"

सगळा हॉल म्हातारीकडे वळला. शालूची बोटं तारेवर थांबली. आरतीला नुसते ओठ हलवणाऱ्या त्या बाईने माईक तोंडाजवळ ओढला आणि तो ग मोठ्याने गायला.