झाकणावरचे इंगळ

"काढ झाकण आचाऱ्या, पंगत बसली!" नवरीचा बाप माझ्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. लाखांदूरकडचं लग्न, साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर असंल. मोठ्या गंजातला भात लगदा व्हायच्या बेतात होता.

चूक माझी. यजमानानं तांदूळ त्याच हंगामातला दिला होता. नव्या तांदळाले पाणी कमी लागते. मी दाणा दाताखाली धरूनसुद्धा पाहिला नाही, जुन्याच्या अंदाजानं पाणी ओतलं. धानाच्या मुलखातला आचारी मी! वरून गाढवपणा म्हणजे पाणी आटवाले दोन लाकडं आणखी सारली. आच वाढली की बुडाचा भात करपते अन् वरचा चिकट होते.

ऑर्डर आम्ही नवरा-बायको मिळून घ्यायचो. कौतिका भाजी सोडून आली. भाजी परतायच्या लांब लोखंडी सराट्याचं एक टोक गंजाच्या काठाले लावलं, दुसरं कानाशी. आत बुडबुड असंल तर पाणी आहे. चरचर असंल तर बुड लागलं.

"बुडबुडून राहिलं अजून. लाकडं वढा जी बाहेर."

वढली. तिनं वरचं पाणी ओगराळ्यानं काढलं, झाकणाले ओलं फडकं गुंडाळलं, अन् त्यावर चुलीतले ताटभर लाल इंगळ ठेवले. याले दम देणं म्हणतात. खाली नावापुरती आच, वरून इंगळ, मधात कोंडलेली वाफ. हलवायचं नाही, उघडायचं नाही. शब्द मी कामठीच्या एका खानसाम्याकडून उचलला. पुढं एका मास्तरानं सांगितलं, तो फारशी आहे, अर्थ श्वास. कौतिकाच्या मायले यातलं काही ठाऊक नव्हतं. ती भातावर इंगळ ठेवायची, बस.

"किती टाइम?" नवरीच्या बापानं विचारलं.

"वरण-भाजी वाढून होईपर्यंत," कौतिका म्हणाली.

"पाव्हणे उठून गेले तं? माही पोरगी मांडवात बसली हाय!" त्यानं झाकणाले हात घातला. कौतिका सराटा घेऊन मधात बसली.

"भाऊ, लगदा वाढला तं पोरीले सासरी जन्मभर आयकवतीन. हात काढा."

त्यानं काढला. कपाळाचा घाम पुसत तिथंच उभा राहिला.

उघडला तेव्हा दाणा दाण्यापासून सुटला होता. बुडाले थोडी खरपूड धरली, ती आम्हीच खाल्ली. पाव्हण्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. नवरीचा बाप एवढंच म्हणाला, "जरा मऊ झाला." दुसऱ्या पोरीच्या लग्नाले मात्र आम्हालेच बोलावलं.

शिकायचं असंल तर एवढंच शिका. पाणी जास्त झालं तर काढून टाका, जाळ वाढवून आटवू नका.

आता घरी गॅस आहे. खटका फिरवला की आच कमी. मूठभर तांदूळ, एकट्यापुरता. कौतिका जाऊन दोन वर्षं झाली. हात काढा म्हणणारं कोणी नाही, म्हणून मी मधातच झाकण उघडून पाहतो. भात कच्चा राहते. तसाच खातो.