चंद्रप्रकाशचा हातोडा

सुगंधावहिनींच्या तोंडाला लागू नये, हे गोरेगावातल्या त्या गाळ्यांत नव्या माणसालाही दोन दिवसांत कळतं. नवरा चंद्रप्रकाश स्टुडिओंसाठी लाकडी सेट उभारायचा. तो अचानक गेला. बाई रडली, मग डोळे पुसून त्याच गाळ्यात शिलाई मशिनं मांडली आणि सिरियलवाल्यांचे कपडे शिवायला घेतले. धंदा झकास चालला.

कामगारांचा विमा तेवढा नवऱ्याच्या वेळचाच राहिला. दरवर्षी हप्ता वाढायचा, वहिनी शिव्या घालत भरायच्या. यंदा मात्र तो भरायचा तर द्रौपदीला घरी बसवायची वेळ आली. द्रौपदी पहिल्या दिवसापासूनची, काजं-बटणं तिच्याच हातची. वहिनींनी विमा कंपनीला फोन लावला, "एवढा हप्ता कसला ओ?"

"मॅडम, तुमचे लोक परांचीवर चढून सुतारकाम करतात ना? जोखीम मोठी, म्हणून हप्ता मोठा."

"परांचीवर? अहो, माझी द्रौपदी स्टुलावर चढायला घाबरते! या आणि डोळ्यांनी बघा!"

कंपनीचा अनय नावाचा तरुण साहेब आला तो नेमका खंडेनवमीला. मशिनं, कात्र्या, इस्त्री, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. आणि मधोमध हातोडा नि करवत.

"मग हे काय? सुतारकाम चालतं की," अनय म्हणाला.

झालं! द्रौपदीचं तोंड एवढंसं झालं. नवऱ्याची हत्यारं वहिनींनी एकाही वर्षी पूजेतून वगळली नव्हती, आता तीच मुळावर आली.

वहिनींनी पदर खोचला. "उचला तो हातोडा. मारा एक खिळा. उचला म्हणते ना!"

अनयने बिचकत उचलला. दांडा हातात राहिला, लोखंड धाडकन फरशीवर. करवतीचे दात तर गंजाने कधीच झडले होते. द्रौपदी खो खो हसत सुटली, पाठोपाठ साहेबही. त्याने सगळी मशिनं बघितली, बायकांना कामं विचारली आणि तिथूनच ऑफिसला फोन केला. "यांच्या विम्यातून सुतारकाम काढा, शिलाईकाम लावा. हप्ता निम्म्याच्याही खाली येईल."

"द्रौपदे, ऐकलंस गो? खंय जावचा नाय तुका!" वहिनी गाळा दणाणून ओरडल्या.

प्रसाद खाऊन निघताना अनय म्हणाला, "ती हत्यारं आता काढून ठेवा, वहिनी. उगाच घोटाळा नको."

वहिनींनी फरशीवरचं लोखंड पदराने पुसलं आणि परत झेंडूत ठेवलं.

"विम्यातून काढलात ना त्याला? बरं केलंत. पूजेतून नाही काढायचा."