काशिनाथचं ‘वजन’

परवा काशिनाथला पेठला, त्याच्या गावी, शेवटचं पोचवून आलो आणि आज त्याचंच काम पुसायला बसवलंय मला.

घाटात बाईक घसरली. एवढंच.

तो आणि मी नाशिकच्या एका छोट्या कंपनीत शेजारी बसून कोडिंग करायचो. कांदा मार्केटच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर.

त्यात दोन मॉड्यूल, म्हणजे कोडचे दोन सुटे भाग. एक गाडीचं, एक मालाचं. दोन्हींत ‘वजन’ नावाचं फंक्शन.

विंचूरच्या बाजारातल्या ट्रायलला कुणीतरी दोन्ही मॉड्यूल सरसकट इम्पोर्ट केली, म्हणजे कोणतं कुठलं हे न सांगता एकत्र ओढून घेतली. नंतर आलेलं ‘वजन’ आधीच्यावर बसलं. एरर नाही, काही नाही. पावतीवर आख्खा ट्रॅक्टर कांदा म्हणून छापून आला!

शेतकरी खूश, व्यापारी अंगावर.

साहेब म्हणाले, “एकाचं नाव बदला.”

काशिनाथ म्हणाला, “कशाला सर? आमच्या पाड्यावर चार सोमा हाय. कोणाचं नाव नाय बदललं. टेकडीवरला सोमा, नदीकडला सोमा, अशी हाक मारायची.”

मग त्याने सगळं कोड बसून बदललं. जिथे तिथे आधी मॉड्यूलचं नाव, मग फंक्शनचं. गाडी.वजन. माल.वजन.

टाइप करून बोटं दुखायची. आम्ही जाम वैतागायचो.

“लिवा रे, आळशांनो,” म्हणायचा. पण परत कधी घोळ झाला नाही.

परवा त्याच्या आईने विचारलं, “हापिसात काय करायचा रं तो?”

काय सांगणार? म्हटलं, “दोन वजनांची गल्लत होऊ द्यायचा नाही.”

“मंग चांगलं काम हाय ना?”

“लय चांगलं, आई.”

आज नव्या काट्याचं मॉड्यूल आलं. त्यातही ‘वजन’. साहेब म्हणाले, “काशिनाथचं ते पुढे नावं लावणं काढून टाक, हे सरसकट घे. उद्या द्यायचंय.”

म्हणजे पुन्हा तोच घोळ. आणि या वेळी ट्रायल नाही, खरा बाजार.

भांडायचं त्राण नव्हतं. खरंच नव्हतं. झोप नाही, जेवण जात नाही.

तरी म्हटलं, “सर, त्याचं राहील. नवं त्याच्या शेजारी, स्वतःच्या नावानिशी.”

“वेळ लागेल.”

“लागू दे.”

मी दिवसभर टाइप करत बसलो.

संध्याकाळी टेस्टला पहिली गाडी काट्यावर चढली. गाडी, माल, नवा काटा, तिन्ही आकडे बरोबर आले.

कुणाला सांगू, तेच कळेना.

काशिनाथ, शेवटचा नमस्कार घे, मित्रा.