हत्तीला आजी म्हणणारे भावोजी

आमचे लाजिम भावोजी म्हणजे किनाबातांगान नदीवरचं मोठं प्रस्थ. नावाडी इथे पुष्कळ, पण हत्ती म्हणे फक्त यांनाच ओळख देतात. अख्ख्या जंगलाशी यांचं गूळपीठ. घरच्यांशी तेवढं जमायचं नाही.

नदीवर हत्तीचं नाव घ्यायचं नाही, ‘आजी’ म्हणायचं, अदबीनं वाट मागायची आणि वाईट शब्द काढायचा नाही, ही आमची जुनी रीत. पाळतो सगळेच. भावोजींनी मात्र ती डोक्यावरच घेतली होती. माझी थोरली बहीण मस्तुरा काठाला केळी लावायची. घड भरत आले की कळप यायचा आणि बाग भुईसपाट करून जायचा. इतर बायकांचे नवरे डबे बडवून हत्ती हाकलत. आमचे भावोजी ओट्यावर हात बांधून उभे. आजीला टाकून बोलू नये म्हणत.

“तुमच्या आजीला सांगा, नातसुनेलाही पोट आहे,” ताई म्हणायची. “एकदा तरी माझ्या बाजूनं बोला हो.”

ते काही बोलले नाहीत. ती पुन्हा केळी लावत राहिली. असा त्यांचा संसार झाला.

गेल्या वर्षी ताई तापानं गेली. आमचं कब्रस्तान नदीच्या वळणावर आहे. मागचं जंगल पाम तेलाच्या मळेवाल्यांनी खाऊन ढेकर दिली, तारांची कुंपणं घातली. हत्तींना वाट उरली ती काठाकाठानं, थेट कबरींमधून. आणि अशा जागी भावोजींनी काय करावं? ताईच्या उशाशी तिच्याच बागेतलं केळीचं रोप लावलं. हत्तींना घरपोच जेवण! वर बांबूचं इवलंसं कुंपण. हे कुंपण ती असताना बागेला घातलं असतं तर, असं मी तोंडावर सुनावलं. त्यांनी मान खाली घातली. रोज संध्याकाळी मात्र रोप शाबूत आहे का ते बघून यायचे.

मग शहरातल्या पर्यटन कंपनीचा साहेब पाहुणे घेऊन आला. हत्ती दाखवले तर हंगामभराचं काम भावोजींचं, असं ठरलं. पूर्वी चहा आणि तळलेली केळी द्यायला ताई नावेत असायची, आता मी.

आडओढ्यात शिरलो. धनेश दिसले, सुसर दिसली. मोठ्या नाकाची, लाल तोंडाची, ढेरपोटी माकडं दिसली. त्यांना आम्ही ‘डच माणूस’ म्हणतो. पाहुण्यांतल्या एका डच गृहस्थानं नेमकं त्यांचं गावठी नाव विचारलं, तेव्हा भावोजींना बराच वेळ खोकला आला. पण हत्ती काही दिसेनात. साहेबाचं तोंड आंबट झालं.

परतताना वळणावर आलो आणि पाहुणे हरखले. अख्खा कळप कब्रस्तानात! भावोजींनी इंजिन बंद केलं. सगळ्यांनी कॅमेरे काढले, साहेबानं खुशीत त्यांची पाठ थोपटली. मी पाहिलं तर एक मोठी हत्तीण ताईच्या कुंपणाला खेटून उभी. बांबू कडकड मोडले. तिनं सोंड केळीला घातली.

भावोजी उभे राहिले. नाव डगमगली. त्यांनी वल्हं उचललं आणि नावेच्या काठावर दणादण हाणलं.

“हत्ती! ए हत्ती! सोड ती केळ! माझ्या मस्तुराची आहे ती, चालती हो!”

भर नदीवर, हत्तीचं नाव घेऊन. माझ्या हातातली किटली कलंडली. हत्तीण थबकली, वळली आणि सावकाश झाडीत गेली. मागोमाग सगळा कळप. जाताना केळ घेऊन गेली, ते वेगळं.

साहेब भडकला. दोन फोटोसुद्धा धड मिळाले नाहीत म्हणाला, आणि धक्क्याला लागताच काम पलीकडच्या नावाड्याला दिलं. पाहुणे उतरून गेले. भावोजी वल्हं मांडीवर घेऊन तसेच बसलेले.

“तुझ्या ताईला ऐकू गेलं असेल का गं?” त्यांनी विचारलं.

आयुष्यभर याच माणसाला टोमणे मारत आले. आज मात्र आधी कलंडलेली किटली सरळ करून ठेवली.

“ओरडलात तर मोठ्यानं,” मी म्हटलं, आणि उरलेली केळी त्यांच्यापुढे सरकवली.